हुद्दा नवा, चूल जुनी

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या कांदा उपबाजारात हमालाचं काम व्यापारी करत नाही. क्रिएटिव्ह स्टुडिओत मात्र ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट अँड ऑपरेशन्स’ अशी पाटी लावलेलं एकच माणूस वाढदिवसाचा केक, गळका एसी आणि रुसलेला डिझायनर असं सगळं निस्तरतं.

याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ उभा केला, तेव्हा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, कपडे धुणं, फिल्मला छिद्रं पाडणं, भर उन्हात पांढरी चादर धरून उभं राहणं हे सारं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे होतं. दागिनेही त्यांचेच गहाण पडले. (आजचा एचआर निदान दागिने तरी मागत नाही!)

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट लागला. बाईंना हुद्दा नव्हता, पगाराचा तर प्रश्नच नव्हता.