दहा लिटरचा अरबी समुद्र

बदलापूर सीएसएमटीपासून रेल्वेने 68 किलोमीटर. इथल्या माणसाला हा आकडा स्वतःच्या रक्तगटापेक्षा पक्का पाठ असतो. एवढं अंतर रोज तुडवून समुद्रापर्यंत पोचावं, तर ऑफिसच्या खिडकीतून मला वीस वर्षं दिसली ती समोरच्या ऑफिसची खिडकी आणि तिच्यातून माझ्याकडे बघणारा माझ्यासारखाच एक बदलापूरकर किंवा विरारकर. आपण समुद्राकडे जातो आणि समुद्र काही भेटत नाही, तर त्यालाच घरी आणावं, हा विचार मला कर्जत लोकलमध्ये सुचला. एका पायावर उभ्या माणसाला सुचणारे विचार असेच असतात.

त्याचं बीज आधीच पडलेलं होतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं होतं तेव्हा. किनाऱ्यालगतचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. गाइडने माझी मान धरून खाली दाबली आणि मला खडकावर चिकटलेली एक हिरवट-तपकिरी वस्ती दिसली. ‘प्रवाळ’ म्हटल्यावर तोवर माझ्या डोळ्यांसमोर फक्त आत्याच्या अंगठीतलं मंगळाचं पोवळं यायचं. इथे तर ते जिवंत होतं, अंगठीत न बसणारं होतं आणि त्याला माझ्या मंगळाशी काही देणंघेणं नव्हतं.

घरी आमच्या बायकोचा एक वड आहे. वय चौदा, उंची दीड वीत, मुक्काम गॅलरीतली पसरट कुंडी. पारंब्यासुद्धा आहेत. बोन्सायला आपल्याकडे ‘वामनवृक्ष’ असा सुरेख शब्द आहे. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या बटूची आठवण ठेवणारा. म्हटलं, झाडाचा वामन होतो तर समुद्राचा का नको? अगस्ती ऋषींनी अख्खा समुद्र एका आचमनात संपवला. मला दहा लिटर पुरत होता.

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चौदा वर्षांत माझ्या वडाला तू एकदा पाणी घातलंस, तेही कपातला उरलेला चहा.” मग थोड्या वेळाने, पारंबीची तार सैल करता करता, “त्यात काय काय घालायचं नाही, ते आधी लिहून काढ.”

मी लिहायला बसलो. पहिलाच काट विदूषक माशावर मारावा लागला. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, सिनेमातला. ऐरोलीला खाडीकाठच्या जैवविविधता केंद्रात या माशांची पैदास केली जाते, म्हणजे समुद्रातून ओरबाडायचीही गरज नाही. पण दहा लिटरमध्ये तो मासा म्हणजे वन-रूम-किचनमध्ये पाळलेला घोडा. काट. समुद्रघोडा? तो 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. काट. मालवणला पाहिलेलं कठीण प्रवाळ? तेही त्याच वर्षापासून त्याच अनुसूचीत, आणि मेलेला तुकडासुद्धा शोकेसमध्ये ठेवायची सोय नाही. काट. मुंबईत कोस्टल रोड बांधताना वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या 18 लहान वसाहती निघाल्या, तेव्हा 2020 साली त्या रीतसर परवानगी काढून, अलगद उचलून दुसरीकडे नेऊन लावाव्या लागल्या. माणसांच्या वसाहती हलवताना एवढी हळुवार भाषा मी तरी ऐकलेली नाही.

कायदा कडक वाटतो, पण त्यामागे जुना पश्चात्ताप आहे. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला फिलिप गॉस या इंग्रज निसर्गप्रेमीने, 1854 सालच्या पुस्तकातून. पुस्तक गाजलं, आणि इंग्लंडातल्या हौशी बाया-बाप्यांनी बादल्या घेऊन किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी दोन-तीन दशकांत धुऊन नेली. त्याच्याच मुलाने 1907 साली बापाच्या आठवणी लिहिताना त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल हळहळ व्यक्त केली. समुद्रावर प्रेम करणाऱ्यांनीच समुद्र खरवडला. सगळीकडे असंच होतं. माथेरानला शांतता अनुभवायला जाणारे स्पीकर घेऊन जातात.

तर यादीत उरलं काय? खडक, वाळू, दोन गोगलगायी, आणि मऊ जातीचं एखादं छत्रीसारखं प्रवाळ, तेही कोणाच्या तरी टाकीत वाढलेलं. बायकोने यादी पाहिली आणि म्हणाली, “आता जरा बोन्साय दिसायला लागलंय.”

काच उल्हासनगरला कापून घेतली. उल्हासनगर हे गावच मुळी दुसरं गाव गमावलेल्या माणसांनी वसवलेलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, 1949 साली छावणीला उल्हास नदीवरून नाव मिळालं, पण पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगतात. आपलं गाव आठवणीतून, आहे त्या जागेत, लहान करून पुन्हा मांडायचं, हे त्या लोकांना कोणी शिकवायला नको. बाकी गावाची ख्याती वेगळी. तिथल्या मालावरच्या ‘यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावणारा विनोद आमच्या भागात मुलं शाळेत जायच्या आधी शिकतात.

काचवाल्या काकांनी माप लिहून घेतलं आणि विचारलं, “साईं, इतने में मछली कौन सी रहेगी?”

“मछली नहीं. समंदर.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि अ‍ॅडव्हान्स मागितला. पूर्ण.

खडकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात मी उल्हासनगरच्या परंपरेला जागलो. समुद्रातला सच्छिद्र खडक आणायचा नाही हे ठरलेलंच होतं, म्हणून मी डुप्लिकेट बनवला. सिमेंट, जाडं खडे मीठ आणि शिंपल्यांचा चुरा. शिंपल्यांसाठी तीन रविवार तिसऱ्यांचं सुकं करावं लागलं. या प्रकल्पाला आईचा पाठिंबा मिळाला तो तेवढ्यापुरताच. शिंपल्या उकळल्या, खलबत्त्यात जाडसर कुटल्या, सगळं कालवून ओल्या वाळूच्या खळग्यात थापलं. घट्ट झाल्यावर तो गोळा बादलीत बुडवला. मीठ हळूहळू विरघळून जातं आणि जिथे मीठ होतं तिथे भोकं राहतात. त्या भोकांत पुढे जिवाणू राहायला येतात. सिमेंटचा चुना मात्र आठवडेच्या आठवडे पाण्यात उतरत राहतो, म्हणून रोज पाणी बदलायचं आणि लिटमससारख्या पट्टीने तपासायचं. दोन महिने आमच्या बाथरूममध्ये एक बादली अडलेली होती. पाहुणे आत जाऊन बाहेर यायचे आणि काही न विचारता चहा घ्यायचे.

तो खडक कसा ठेवायचा, यावर आमच्यात खरं भांडण झालं. मी तो मधोमध ठेवला, देव्हाऱ्यातल्या शाळुंकेसारखा. बायकोने उचलून एका बाजूला सरकवला, थोडा कलता केला आणि उरलेली दोन तृतीयांश वाळू रिकामी सोडली. मला ती रिकामी जागा बघवेना. डोंबिवलीपलीकडे राहणाऱ्या माणसाला रिकामी जागा दिसली की तिथे बिल्डिंग दिसते. तिने मला अंबरनाथला नेलं, शिवमंदिरात. इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ. बाजूने वालधुनी वाहते, आता तिचं जे झालंय तशी. बायकोने वर बोट केलं. शिखराच्या अंगावर ओळीने छोटी छोटी शिखरं रचलेली आहेत, खालून वर, माळेसारखी. मोठं शिखर ज्या आकाराचं, त्याच आकाराची बोटभर शिखरं त्याच्या अंगावर. भूमिज शैली म्हणतात तिला. वरचा भाग आता नाहीच, तिथे नुसतं आकाश. आणि गाभारा? पायऱ्या उतरून खाली, जवळजवळ रिकामा. एवढा डोंगर उभा केला आणि देवाला दिली खोलगट मोकळी जागा. मी घरी येऊन खडकाला हात लावला नाही.

प्रवाळाचंही तसंच असतं म्हणा. साबुदाण्याएवढा एक जीव, त्याच्यासारखाच दुसरा, मग तिसरा, आणि हजारो वर्षांनी बेट. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, उजेडावर अन्न शिजवतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला भाडं म्हणून देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हा भाडेकरार मोडतो, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

आणि मी हे सगळं बदलापुरात करत होतो, जिथे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि जिथे माझंही शेवाळ बाहेर पडायच्या बेतात असतं. उपाय निघाला माठातून. माठाचं पाणी झिरपतं, उडतं आणि उडताना आतली ऊब घेऊन जातं. तसाच काचेवर कॉम्प्युटरमधला एक छोटा पंखा लावला. दोन-तीन अंश उतरतात. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ खालीच राहतं. लिटरला 35 ग्रॅम या हिशोबाने दहा लिटरचं मीठ 350 ग्रॅम (समुद्री टाक्यांचं वेगळं मिळतं, वाण्याकडचं चालत नाही). पाव लिटर पाणी उडालं की खारटपणा 35 वरून 36 च्या घरात. खऱ्या समुद्राला हे कळणारही नाही. माझा समुद्र पाव लिटरमध्ये मृत समुद्राच्या दिशेने निघतो. पहिल्या उन्हाळ्यात मी उडालेल्या पाण्याच्या जागी खारंच पाणी घालत राहिलो, भक्तिभावाने, रोज. दोन गोगलगायी होत्या. होत्या. आता सकाळी चहाच्या आधी आरओचं गोडं पाणी भांडंभर घालतो. बायको तेव्हाच वडाला घालत असते. चौदा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका वेळी एक काम करतोय.

नव्या टाकीत आधी जिवाणू रुजावे लागतात. घाणीतला अमोनिया ते नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. यात चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर दिसायला फक्त पाणी आणि सिमेंटचा गोळा.

“यात आहे काय?” आई.

“जिवाणू.”

“दिसत नाहीत.”

“दिसत नाहीतच ते.”

“मग एवढ्या खाऱ्या पाण्यात निदान एक बोंबील तरी सोड.”

हे आठवडे कमी करायचे तर दुसऱ्याच्या चालत्या टाकीतला स्पंजाचा तुकडा आणायचा, शेजारून विरजण आणतो तसा. कॅम्प पाचमधल्या एका मित्राने तो दिला आणि सोबत छत्रीप्रवाळाचं नखाएवढं पिल्लूही. त्याला ते कोणीतरी असंच दिलं होतं. गुलाबाची फांदी, विरजण आणि हे, तिन्ही मागूनच आणायच्या वस्तू. पिल्लू डबीत घालून मी विठ्ठलवाडीहून लोकल पकडली. गर्दीत डबी डोक्यावर धरली. शेजारच्याने विचारलं, “प्रसाद का?” मी ‘हो’ म्हटलं; त्याने डबीला नमस्कार केला.

आता ते आठ आण्याच्या नाण्याएवढं झालंय. निळसर, काठाला जांभळी झाक. रात्री मिटतं, सकाळी दिवा लागला की पंधरा-वीस मिनिटांनी उलगडतं. पंधरा-वीस मिनिटं मी बघत बसतो आणि 8.11 चुकते.

काळजी एकच, लाइटची. हिरोशिमावर 1945 साली बॉम्ब पडला तेव्हा तीनेक किलोमीटरवर एक बोन्साय पाइन होता; 1625 पासून जोपासलेला. तो वाचला, आणि 1976 पासून वॉशिंग्टनमध्ये आहे. माझा समुद्र शुक्रवारच्या मेन्टेनन्सला टिकत नाही. पंप बंद, पंखा बंद, पाणी निपचित. अशा वेळी मला अ‍ॅना थिन आठवते. 1846 साली या लंडनच्या बाईने समुद्रावरून प्रवाळ आणून घरात जगवलं. तेव्हा ना पंप, ना वीज. तिची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. प्रवाळ तगलं. मोलकरणीचं नाव मात्र मला कुठे वाचायला मिळालं नाही.

गेल्या शुक्रवारी लाइट गेली ती सहा तास. मी तांब्या आणि पातेलं घेऊन खिडकीशी उभा राहिलो. समुद्र वरून खाली, खालून वर. चाळीस मिनिटांनी समोरच्या बिल्डिंगमधले काका गॅलरीत आले, बराच वेळ बघत राहिले आणि ओरडले, “अहो, किती गरम पिता चहा?”

मी काही बोलायच्या आत मागून आई म्हणाली, “साखर नाही घातलेली. मीठ घातलंय.”