दहाच्या आत, चारनंतर

गालावरचा डाग मला आधी हळदीचा वाटला. दोन दिवस घासला. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, तो लागलेला नाहीये, तो तुझाच आहे."

डॉक्टरांनी भिंगातून पाहून एका शब्दात निकाल दिला : वांग. नाक बेताचं, उंची त्याहून बेताची, पण रंग बघा, असं माहेरी माझ्याबद्दल बोललं जाई. ज्या रंगाच्या जिवावर मी सत्तेचाळीस वर्षं काढली, त्यावर आता भाजी उगवली होती.

उपाय साधा होता. रोज सनस्क्रीन, ढग असले तरी. दोन बोटांवर भरून रेघ ओढायची, ती चेहऱ्याला आणि मानेला, बाहेर असलं तर दर दोन तासांनी पुन्हा. मी एसपीएफ 50 मागितलं. डॉक्टर म्हणाले, "30 वालं जाळणाऱ्या किरणांतली 97 टक्के अडवतं, 50 वालं 98. प्रश्न आकड्याचा नाही, तुम्ही ते रोज लावणार का, याचा आहे." मी 50 च घेतलं. आमच्या घरात 97 मार्क पडले तरी उरलेले तीन कुठे गेले, असं विचारतात.

रत्नागिरीत एप्रिलमध्ये आंघोळीचं पाणी आणि घाम यांच्या मधे चारेक कोरडी मिनिटं मिळतात, त्यात ते लावायचं. पहिल्या दिवशी आरशात नमनातली मावशी दिसली. भाट्याच्या पुलापर्यंत ती मावशी विरघळून माझ्या डोळ्यांत उतरली. मग स्कूटरवर स्कार्फ, गॉगल, हातमोजे. त्याने ऊन थांबलं, पण ओळखदेखही थांबली. वर्षातून दोनदा माझा लेख पुरवणीत फोटोसकट येतो. तो आला की मारुती मंदिराच्या चौकात मी उगाच स्कूटर हळू करते, कुणी तरी "वाचला हो" म्हणेल म्हणून. स्कार्फात मला एकटीने ओळखलं, मासेवालीने. मागचे ऐंशी रुपये राहिले होते.

खरा अपमान झाला तो गोळपला, काकाच्या बागेत. तिथे झाडाझाडांवर कागदी पिशव्या लटकत होत्या. कैरी कोंबडीच्या अंड्याएवढी झाली की एकेका फळाला पिशवी घालून देठाशी बांधतात. फळमाशी बसत नाही, उन्हाने साल भाजत नाही, डाग पडत नाही. शिडीवर चढून, हात लांबवून, हजारो फळं. माझ्या बारशालाही कुणी मला इतकं जपून गुंडाळलं नसेल. एक पिशवी काकाने उघडून दाखवली. आतलं फळ असं नितळ की मी नकळत माझ्या गालाला हात लावला.

"आणि उतरवता कधी?" मी विचारलं.

"दहाच्या आत, नाही तर चारनंतर. मधल्या उन्हात झेला हातात धरायचा नाही. उतरवलेला आंबा तर उन्हात क्षणभर ठेवायचा नाही गो, साका धरतो."

डॉक्टरांनी मला दहा ते चार सावलीत राहायला सांगून पाचशे रुपये घेतले होते. काका तेच आंब्याला फुकट सांगत होता. वरून साक्याची व्यथा ऐकवली. वरून फळ राजबिंडं, कापलं की आत पांढरा, आंबट, भुसभुशीत गर. गिऱ्हाईकासमोर मान खाली. साका होऊ नये म्हणून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' आंबा काढला. रत्नाला साका नाही. पण हापूसवाल्यापुढे हे बोलून बघा. काका म्हणाला, "चांगला आहे हो," आणि ज्या सुरात म्हणाला त्या सुरात आमच्याकडे दुसऱ्या घरच्या सुनेची स्तुती करतात. माणसांतही वरची साल बघूनच खोका भरला जातो, हे मला तिथे सुचलं. माझं अख्खं लग्न त्याच हिशेबाने जमलं होतं. आत साका आहे की नाही, हे नवऱ्याला पुढे कळलं असेल.

आई मला लहानपणी सांगायची, "उन्हात जाऊ नको, काळी होशील." भाजशील नाही, चक्कर येईल नाही, काळी होशील. भावाला कुणी सांगितलं नाही. तो दिवसभर मांडवीला वाळूत लोळून यायचा. राग येतो तो या वाक्याचा, आणि त्याहून जास्त याचा, की हे वाक्य आई उन्हात उभी राहून म्हणत असे. मे महिन्यात अंगणात आमसुलं, आंबापोळी, फणसाचे पापड. कोकमाची सालं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. कावळे हाकायला काठी घेऊन ती पायरीवर बसायची, भर दुपारी, जेव्हा ऊन डोक्यावर येतं आणि सावली पायाखाली दडते.

परवा तिच्या हाताला क्रीम लावत होते. काचेच्या बांगड्या मागे सारल्या, तर खाली मनगटाला गोरं कडं निघालं. माझाच रंग. बाकी सगळा हात वेगळ्याच बाईचा, ठिपक्याठिपक्यांचा.

"पुरे हो," ती म्हणाली. "मला काय आता बघायला येणारेत?" उरलेलं क्रीम तिने टाचांना चोपडलं. माझे एसपीएफ 50 भेगांत गेले.

मग मी तिच्यासाठी रुंद काठाची गवती टोपी आणली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, किंमत विचारली, मी अर्धी सांगितली, तीही तिला जास्त वाटली. दुपारी कॉलेजातून आले तर अंगणात आमसुलांच्या मधोमध काठी रोवलेली, काठीवर माझी टोपी, खाली बाबांचा जुना सदरा. आसपास एक कावळा नाही.

पायरी रिकामी होती. आई आत, माजघरात, पंख्याखाली चटईवर आडवी. दुपारच्या दीड वाजता, मे महिन्यात, मी तिला झोपलेली पहिल्यांदाच पाहिली.