ये, पण मिरगात ये

मुंबईतल्या कोकणी माणसाला गावी कायमचं जायची उबळ संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये येते. बरगडीत दुसऱ्याचं कोपर रुतलेलं असतं आणि डोळ्यांपुढे चिऱ्याचं घर, सारवलेलं खळं, न्हाणीत तापलेलं भाण! बोरिवलीला गर्दी उतरली की उबळही जरा उतरते.

माझी मात्र उतरत नाही. माझ्या स्वप्नातल्या गावात मी पहाटे पेज पितो, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि दिवसभर पडवीत बसून राहतो. शेत कोण करतं, ते स्वप्नात दिसत नाही. तिथे भात थेट पेजेच्या रूपातच उगवतं.

सिंधुदुर्गातल्या काकांना फोन करून बेत सांगितला. ते म्हणाले, "ये रे झिला, पण मिरगात ये. मे म्हयन्यात आंबे खावूक सगळेच येतत."

मग त्यांनी कामं मोजायला सुरुवात केली. उन्हाळ्यात ऐन-किंजळीची कवळं तोडायची, शेण-पातेरा पसरून भाजावळ करायची, पावसाआधी कौलं परतायची. मिरगात पेरा. तरवा वाढला की उपटायचा, चिखल करायचा आणि आषाढातल्या धारेत कमरेत वाकून लावणी. एवढं करून भात येतं, तेव्हा गड्यांच्या मजुरीपुढे ते स्वस्त असतं. नारळाचं म्हणाल तर माडावर माकडं. "त्यांका सातबारो लागना नाय," काका म्हणाले.

आम्हाला लागतो. त्यावरची नावं वाचेपर्यंत पेज निवते. पणजोबा तिथे अजून हयात आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं. फक्त सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी. आमच्यातले दोघे एका फणसावरून एकमेकांशी बोलत नाहीत. तो कापा की बरका, यावरही त्यांचं एकमत नाही.

बरं, नुसतं जाऊन यावं म्हटलं तर कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण गणपतीचं आरक्षण उघडल्यावर माझा ओटीपी येईपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता बापाला गाडीत घालून त्याच खड्ड्यांतून गावी नेतात.

बायकोचा मात्र पूर्ण पाठिंबा आहे. "तुम्ही पुढे व्हा," म्हणाली. मी कधी येऊ, हे तिने विचारलं नाही, आणि मीही विषय वाढवला नाही.

फोन ठेवता ठेवता काकांनी त्यांचं काम सांगितलं. "धाकट्याक थय नोकरी लागली हा. डोंबिवलीत एखादी खोली बघ मरे."

ती मी शोधतो आहे. कोणाच्या माहितीत असेल तर कळवा. डिपॉझिट बेताचं हवं. खिडकीतून माड दिसला नाही तरी चालेल, त्याने पुष्कळ बघितलेत.