वाढत्या मापाची सायकल

साताऱ्यातल्या एका कारकुनाने मुलाच्या आठव्या वाढदिवसाला सायकल घ्यायचे ठरवले आणि घरात जाहीर केले : ५ हजार, वर छदाम नाही. गृहस्थाची सासुरवाडी सांगलीची. तिथे आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे शेंबडे पोरही सांगते. त्याच धर्तीवर याने ५ हजारांवर इशारा आणि ७ हजारांवर धोका अशा खुणा मारल्या. पोवई नाक्यावरच्या दुकानात पाय ठेवताच ९ हजारांचा विसर्ग सुरू झाला.

"राहायला कुठं?" दुकानदाराने विचारले.

"यवतेश्वराच्या अंगाला."

"मग गिअर लागणारच, साहेब."

गिअरच्या पाठोपाठ डिस्क ब्रेक आला, पुढचे शॉकअप आले. उतारावर ब्रेक चांगले हवेत, याबद्दल साताऱ्यात दुमत होणार नाही. शॉकअप मात्र पंचवीस किलोच्या पोराच्या वजनाने धड दबतही नाही. ते लोखंड पोराने चढावर नुसते ओढायचे.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, गिअर कशाला? विश्रामबागेतून गणपती मंदिरापर्यंत मला एक चढ दाखवा. आणि घ्यायची तर २४ इंचीच घ्या. पोरगं वाढतंय."

वाढत्या मापाचे घेण्याची ही रीत गणवेशापासून चालत आली आहे. पण शर्टाची बाही दुमडता येते, सायकलची दांडी नाही. सीटवर बसून पायाचे चवडे जमिनीला टेकले, तर सायकल मुलाच्या मापाची. आठ वर्षांच्या बहुतेक मुलांना २० इंची चाक पुरते.

"मामा, ती फार महाग पडते," जावई चाचरत म्हणाला.

झाले! सासरे किर्लोस्करवाडीतून निवृत्त झालेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. तेव्हा सायकल ७०० ते १००० रुपयांना होती आणि ती चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० मध्ये वाडी उभी राहिली. औंध सातारा जिल्ह्यात, वाडी सांगलीच्या. त्यामुळे या इतिहासाचे श्रेय दोन्ही घरांत वाटून घेतात. "त्या काळात लोक ७०० मोजत होते, तुम्ही ७ हजारांना रडता?" सासऱ्यांनी निकाल दिला. पैसे कोण देणार, हे सासऱ्यांना विचारायचे नसते.

कारकून टक्केवारीकडे वळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे त्याने बायकोला कागदावर मांडून दाखवले. वाचलेली रक्कम तिने जागच्या जागी हेल्मेटला लावली. सगळ्या व्यवहारातला एवढाच शहाणा खर्च.

अखेर २० इंची, बिनगिअरची, ५ हजार ८०० ला ठरली. इशारा ओलांडला होता, धोका नाही. बिल फाडता फाडता दुकानदाराने प्रथमच मुलाकडे पाहिले. "काय बाळ, आवडली?"

"लाल पायजे."

"लाल फक्त गिअरवाल्यात येते. २४ इंची."

कारकुनाने सांगलीला फोन लावला. "मामा, परवा तुम्ही काय म्हणत होता?"