कल्हई केलेला लॅपटॉप

आमच्या घरात कधीमधी लागणाऱ्या वस्तूंसाठी स्वयंपाकघरावरचा माळा राखीव आहे. तिथे चकलीचा सोऱ्या आहे, पुरणयंत्र आहे, सासूबाईंच्या काळातलं पितळी सतेलं आहे, आणि एक बेडपॅन आहे, ज्याचा विषय आम्ही काढत नाही. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर एके दिवशी मी जाहीर केलं, की मला कधीमधी वापरायला एक लॅपटॉप घ्यायचा आहे. बायकोने किंमत विचारली नाही. ती म्हणाली, "माळ्यावर जागा नाहीये."

गरज मात्र खरी होती. सोसायटीचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं होतं. (हे पद निवडणुकीने मिळत नाही. वार्षिक सभा चालू असताना जो फोन घ्यायला बाहेर जातो, त्याला मिळतं.) सभेचं इतिवृत्त, नोटिसा, देखभाल खर्चाचा तक्ता, शिवाय दरवर्षीचं आयकराचं विवरणपत्र. हे सगळं मोबाइलवर होतं, असं माझा भाचा म्हणतो. होतं, नाही असं नाही. पण अठ्ठेचाळीस फ्लॅटचा एक्सेलचा तक्ता मोबाइलवर बघणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघणं. एका वेळी नवरा तरी दिसतो, नाहीतर नवरी तरी.

मी वहीत हिशेब मांडला. महिन्याला 2 तास काम, म्हणजे वर्षाचे 24 तास. त्यासाठी पन्नासएक हजारांचा नवा लॅपटॉप घेणं माझ्यातल्या अकाउंट्स खात्याला मंजूर होईना. तेव्हा भाच्याने 'रिफर्बिश्ड' हा शब्द काढला.

रिफर्बिश्ड म्हणजे काय, हे मी बायकोला समजावून सांगायला बसलो, तर तिने एका वाक्यात आटपलं. "म्हणजे कल्हई केलेला."

याहून चांगलं भाषांतर मला अजून भेटलेलं नाही. आमच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणून भाता लावायचा. काळं पडलेलं पातेलं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, नाकात झोंबणारा पांढरा धूर निघायचा, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने एक फिरकी, की पातेलं आतून चांदीचं! भांडं तेच, पोचे तेच, कडेवर कोरलेलं आजीचं नावही तेच. पण आमटी कळकत नसे, आणि पातेल्याकडून अपेक्षा तेवढीच असते. लॅपटॉपचंही तसंच असतं म्हणे. मोठाल्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, पुष्कळदा तीन-चार वर्षांच्या भाड्याने. मुदत भरली की सगळे एकदम बाहेर. मग व्यापारी ते गठ्ठ्याने उचलतात, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवतात, रॅम वाढवतात, पुसून लख्ख करतात आणि विकतात. जगभरच्या कंपन्यांच्या दारात बसणारी ही बोहारीणच, फक्त स्टीलचे डबे देत नाही एवढंच.

पुढचे तीन आठवडे मी अभ्यास केला. त्याबद्दल फार सांगत नाही. त्या काळात मी आंघोळीलाही उशिरा जात होतो, एवढं पुरे.

शेवटी एका गुरुवारी मी, बायको आणि भाचा असे तिघे डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचं पाटीवरचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण लॉर्ड लॅमिंग्टन 1907 साली मुंबईची गव्हर्नरकी सोडून गेले तरी लोकांच्या तोंडून अजून गेलेले नाहीत. नाव नवं आणि आतला माल जुना, हा प्रकार इथे रस्त्यापासूनच सुरू होतो. माझा या रस्त्याशी जुना संबंध आहे. इथल्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' 1975 साली लागला आणि पाच वर्षांहून जास्त चालला. वडिलांनी आम्हाला तो तिसऱ्या वर्षी दाखवला. ताजा माल घ्यायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

पहिल्या दुकानात शिरता शिरताच दुकानदाराने लॅपटॉप पुढे सरकवला. "अंकल, आय सेव्हन है. सेव्हन! सिर्फ बारा हजार."

सात हे पाचापेक्षा मोठे असतात, एवढं बँकेत शिकलो होतो, त्यामुळे मी खूश झालो. भाच्याने लॅपटॉप उलटा केला, काहीतरी वाचलं आणि परत सरकवला. "मामा, थर्ड जनरेशन आहे. चल."

बाहेर फूटपाथवर त्याने मला शिकवलं ते इथे देतो, कारण तीन आठवड्यांच्या अभ्यासात मला नेमकं हेच कळलं नव्हतं. आय फाइव्ह, आय सेव्हन हा नुसता हुद्दा. वय पुढच्या आकड्यात असतं. 3520 म्हणजे तिसरी पिढी, 8350 म्हणजे आठवी. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्यांना रीतसर दारात उभं करत नाही, आणि विंडोज 10 चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला काढून घेतला. म्हणजे तिसऱ्या पिढीतला आय सेव्हन हा निवृत्त चीफ मॅनेजर. हुद्दा मोठा, पण शाखेत गेला तर खुर्ची कुणी देत नाही. हे मला लगेच पटलं. पटायला मी परवाच शाखेत जाऊन आलो होतो.

"त्याच्यावर लिनक्स मिंट टाकता येईल, फुकट असतं, चालतंही छान," भाचा म्हणाला.

"मिंट म्हणजे पुदिना ना?" बायकोने विचारलं. तो विषय तिथेच संपला.

चौथ्या दुकानात थिंकपॅड टी 480 निघाला. काळा, चौकोनी, गंभीर, मध्यभागी लाल टिकली. आय फाइव्ह, आठवी पिढी, 8 जीबी रॅम, 256 ची एसएसडी. भाचा कामाला लागला. झाकण उघडून पाहिलं, मिटून पाहिलं, कुठल्या कोनात बिजागरी ढिली पडते ते पाहिलं. पडदा पांढरा करून डाग शोधले. एकेक कळ दाबली. मग एक काळी खिडकी उघडून काहीतरी हुकूम दिला आणि बॅटरीची कुंडली बाहेर काढली. या मॉडेलला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात आणि एक पाठीला. पोटातलीची मूळ क्षमता 24 वॅट-अवर, आता उरली 17.

या सगळ्या वेळात बायको लॅपटॉपकडे बघतच नव्हती. ती दुकानदाराकडे बघत होती. भाच्याचं आटपल्यावर तिने झाकणावरच्या एका चिकट चौकोनावर नख घासलं.

"हे काय आहे?"

"स्टिकर था, मॅडम. कंपनी का. निकल गया."

"निघालं कुठे? डिंक आहे अजून." तिने नख त्याला दाखवलं. "एवढं पुसलं नाही, तर आत काय पुसलं असेल?"

19 हजारांचे 16,500 झाले ते त्या डिंकापायी. 17 वॅट-अवर सांगून एक रुपया कमी झाला नव्हता. वर एक बॅगही मिळाली. तिच्यावर त्वचारोगतज्ज्ञांच्या कुठल्याशा परिषदेचं नाव आहे. ती खांद्याला लावून लोकलमध्ये बसलं की शेजारी थोडा सरकून बसतो.

"वॉरंटी?" मी विचारलं.

"टेस्टिंग वॉरंटी, सात दिन. जर्मनी का माल है अंकल, कुछ नहीं होगा."

सात दिवसांत माझा कधीमधी वापर किती बसतो, हे मी भाच्याला विचारलं. "मामा, तुझ्या हिशेबाने अर्धा तास," तो म्हणाला.

'जर्मनी का माल' ही मला स्तुती वाटली होती. ती माहिती होती, हे घरी आल्यावर कळलं. कीबोर्ड जर्मन होता. कंट्रोलच्या जागी एस-टी-आर-जी असं लिहिलेलं. मला वाटलं, एसटीचं रिझर्वेशन. उजवीकडे डोक्यावर दोन दोन टिंबं असलेले ए, ओ आणि यू. आकडा 2 च्या कळीवर अवतरणचिन्ह, पण दाबलं की ॲट उमटतं. हे ॲट शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. आठवं आश्चर्य म्हणजे ते बायकोला सापडलं, चुकून.

तिने कीबोर्ड साफ करायला म्हणून लॅपटॉप वर्तमानपत्रावर उलटा धरून थोपटला, तेव्हा एक बारीक कण पडला. मग दुसरा. तिने बोटाच्या टोकावर घेऊन चष्म्याजवळ धरला आणि म्हणाली, "खसखस आहे."

आम्ही दोघं बराच वेळ त्या खसखशीकडे बघत बसलो. जर्मन लोक पावावर खसखस लावतात, हे भाच्याने नंतर फोनवर सांगितलं. पण तोवर बायकोचा निकाल लागला होता. तिच्या मते ही कुणीतरी कामाची बाई होती आणि ऑफिसच्या वेळात अनारसे खात होती. त्या बाईबद्दल तिला तेव्हापासून आपुलकी आहे. लॅपटॉपबद्दल नाही.

जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. इंग्रजीपुरती जर्मन मांडणी निवडून निभावता येतं, पण मराठीचा फोनेटिक कीबोर्ड अमेरिकन जागा धरून चालतो. मी कळा बघून एका बोटाने टाइप करणारा. सचिव या नात्याने माझी पहिली नोटीस फलकावर लागली ती अशी : 'कुंडीतील याडांचे पाणी खालच्झा मजल्झावर पडू नझे. सभेस सर्व सभासदांनी वेळेवर झावे.' तळमजल्यावरच्या काकांनी ती थांबून पूर्ण वाचली आणि विचारलं, "कोकणीत काढायला लागलात का?"

शेवटी बायकोने मसाल्याच्या डब्यांना लावते तसल्या चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले आणि मार्करने 'य' आणि 'झ' लिहून कळांवर डकवले. ती चिकटपट्टी मेथीच्या डब्यावरून काढलेली असल्याने 'य' ला अजून वास येतो.

एवढं झाल्यावर कधीमधी वापर सुरू झाला. इथे मला असं आढळलं, की कधीमधी ही कल्पना माणसाला कळते, सोऱ्याला कळते, लॅपटॉपला कळत नाही. रोज भेटणाऱ्याशी तो मुकाट काम करतो. तीन महिन्यांनी उघडलात की आधी दोन्ही बॅटऱ्या शून्यावर. चार्जर शोधा. मग तीन महिन्यांची साचलेली अपडेट्स एकदम : 'संगणक बंद करू नका'. टक्केवारी 35 वर जाऊन बसते, तिथून हलत नाही. मी आंघोळ करून येतो, 35. पेपर वाचून होतो, 36. मग तो स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू होतो आणि पुन्हा शून्यापासून. एवढं आटोपून चार ओळींची नोटीस टाइप करायची, 12 मिनिटं. पुन्हा तीन महिने.

दिवाळीच्या आधी बायकोने माळ्यावरून सोऱ्या काढला. वर्षभराने. एक पाण्याचा हात फिरवला, आतून तेलाचं बोट लावलं, पीठ भरलं आणि पहिली चकली पडली. मी तेव्हा शेजारीच टेबलावर लॅपटॉपची 61 टक्के बघत बसलो होतो. मला राहवलं नाही. मी वही काढून वर्षाचा हिशेब मांडला, तो जसाच्या तसा देतो.

लॅपटॉप : निवडीला 43 तास, अपडेट्सना 9 तास, चार्जर शोधायला 2 तास, प्रत्यक्ष काम 3 तास 20 मिनिटं.

सोऱ्या : 2 तास, चकल्या 4 किलो, अपडेट नाही.