ऐन श्रावणात सामिष!

अहो, तुमच्या कानावर आलं की नाही? आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, तुळशीपासून जेमतेम हातभर अंतरावर एक मांसाहारी रोप नांदतंय. तेही चोरून नाही, चांगलं ग्रिलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं! नाव काय म्हणे, तर दवबिंदू. नाव ऐकून वाटावं, बालभारतीतून उठून आलंय. पण करणी बघाल तर कानाला हात लावाल.

पानभर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चमचमणारा थेंब. चिलटाला वाटतं, मध आहे. ते बिचारं टेकतं आणि चिकटतं. तो थेंब दवाचा नसतोच मुळी, डिंकासारखा चिकट असतो. मग आजूबाजूचे केस सावकाश त्याच्यावर वाकतात, वरून पाचकरस सुटतो आणि चार दिवसांनी चिलटाचं नुसतं टरफल उरतं. आणि हे सगळं कुठे? ज्या घरात कांदा-लसूण घालावा की नाही यावर महिनाभर वाद चालतो, त्या घरात!

बरं, एका घरात होतं तोवर ठीक होतं. आता सहा घरांत आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पूर्वी लिफ्ट बंद, टँकर आला नाही, असलं सात्त्विक काहीतरी यायचं. आता सकाळी उठून बघावं तर फोटो : ‘आमच्या सोन्याने आज दोन चिलटं खाल्ली!’ खाली अठरा बदाम. नातवाने पहिला भात खाल्ला तेव्हा एवढं कौतुक नव्हतं झालं.

खरी गंमत पाऊस सुरू झाल्यावर आली. पहिली जोराची सर पडली आणि तिसऱ्या मजल्यावरून हंबरडा आला, “अहो, सगळा डिंक धुऊन गेला हो!” खरंच गेला होता. रोप न्हाऊन आलेल्या मांजरासारखं बापुडवाणं दिसत होतं. मग काय, एकीने कुंडीवर छत्री बांधली. दुसरीने आंघोळीची टोपी चढवली. बी विंगमधल्या काकांनी रोप थेट दिवाणखान्यात आणून ट्यूबलाइटखाली ठेवलं आणि अशक्तपणा आला म्हणून खिमा भरवला. मोठा नाही, चिमूटभर. त्या चिमूटभरालाही तिसऱ्या दिवशी बुरशी आली आणि पान काळं पडलं. वर शेणखताचा खुराक दिला, नळाचं क्षारांचं पाणी पाजलं. रोपाने आठवड्यात राम म्हटला. काका अजून म्हणतात, पाऊस बाधला.

पाऊस कसला बाधतोय! धुऊन गेलेला डिंक केसांच्या टोकावरच्या ग्रंथी पुन्हा तयार करतात. उघडीप मिळाली, ऊन पडलं की दिवसा-दोन दिवसांत रोप पहिल्यासारखं लखलखायला लागतं. घरात कोंडलेलं मात्र उन्हाविना फिकं पडतं, पानं लांबुडकी होतात, डिंक धरत नाही. म्हणजे भिजून गेलं असतं त्याहून जास्त छत्रीने गेलं.

या वेडाची लागण आपल्यालाच झालीय असं समजू नका. चार्ल्स डार्विन! १८५९ मध्ये प्रजातींच्या उगमावरचं पुस्तक काढून अख्ख्या इंग्लंडात खळबळ उडवून दिली आणि पुढच्याच वर्षी हा सद्गृहस्थ मित्राला, चार्ल्स लायेलला पत्राने कळवतो की जगातल्या साऱ्या प्रजातींच्या उगमापेक्षा मला सध्या या ड्रॉसेराची, म्हणजे आपल्या दवबिंदूचीच, जास्त पडलीय. आता काय बोलायचं? पंधरा वर्षं त्याला काय काय भरवलं त्याने! दूध, मांसाचा रस, अंड्यातला पांढरा बलक हे त्याला चाललं. साखर, ऑलिव्हचं तेल आणि चहा यांच्याकडे मात्र रोपाने ढुंकून पाहिलं नाही. चहाला नाही म्हणणारं हे रोप पुण्यात टिकलं कसं, हाच मला प्रश्न पडलाय.

पण १८७५ च्या त्याच्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, ती त्या छत्रीवालीने वाचायला हवी. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही हलका केसाचा तुकडा ग्रंथीवर ठेवला, तर रोपाला कळतं आणि त्या ग्रंथीखालचा पानावरचा केस वाकू लागतो. आणि पावसाचे टपोरे थेंब? कितीही आदळोत, ढिम्म हलत नाही. दर थेंबाला दचकून पान मिटत बसलं असतं तर पावसाळा संपेपर्यंत दमून मेलं असतं. कोण दारावर उगाच धडका मारतंय आणि कोण हळूच कडी वाजवतंय, हे त्याला नेमकं उमगतं. आमच्या वॉचमनला अजून उमगलेलं नाही.

आणि पावसाचं भय त्याला असेल तरी कसं? त्याचं माहेर कुठलं, विचारा ना. कासचं पठार! साताऱ्याच्या वर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर, जांभ्या दगडाचं. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं तेच. तिथे दोघी बहिणी राहतात. एक गवती दवबिंदू, उभी, सडपातळ, गवतात मिसळून जाणारी. दुसरी जमिनीला चिकटून रुपयाच्या नाण्याएवढी चकती करून बसलेली. वर धो धो पाऊस, खाली बोटभर माती. त्या मातीतला नायट्रोजन पाऊस धुऊन नेतो, म्हणून तर या दोघींना किड्यांवर वेळ भागवावी लागते. हौस नाही हो ती, गरिबी आहे. पावसानेच त्यांना मांसाहारी केलंय आणि आपण पावसाविरुद्ध त्यांच्यावर छत्री धरतोय!

म्हणून तर ही रोपं बाहेर ठेवायची. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्याहून चांगलं पाणी नाही. पिंपात भरून ठेवा, उन्हाळ्यात कामी येईल. खत अजिबात नको. काळजी घ्यायची ती एवढीच : कुंडी पागोळ्यांच्या धारेखाली ठेवू नका, आणि माती उडून पानांवर बसू नये म्हणून वर जाडसर धुतलेल्या वाळूचा थर द्या. पानांवर चिखल बसला की चिलटं चिकटायची कशी?

आता खरी लाज वाटावी अशी बातमी सांगते, पण माझं नाव घेऊ नका. काही मंडळी शनिवार-रविवारी फुलं बघायला पठारावर जातात आणि येताना डब्यात, पोळीच्या जागी, ही रोपं उपटून आणतात. पठारावरच्या या दोघी पावसात उगवतात, फुलतात, बी धरतात आणि पठार सुकलं की संपतात. पुढचा उन्हाळा फक्त बी काढतं. बी धरायच्या आधी उपटलं, म्हणजे घरी आणलेलं महिन्या-दोन महिन्यांत जाणार आणि तिकडचा पुढच्या साली येणारा वंशही बुडणार. हौसच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं, दक्षिण आफ्रिकेतलं केप दवबिंदू मिळतं. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि पावसाला तेही डरत नाही.

राहता राहिला मुख्य आरोप. ऐन चातुर्मासात, आपण गटारी उरकून हात धुऊन बसलेले असताना, ही बया श्रावणात सामिष खाते! परवा माझ्या सासूबाई मुद्दाम बघायला गेल्या. तीन दिवस झड लागली होती, पानांवर डिंकाचा टिपूस नव्हता, चिलट येऊन चालत निघून गेलं. सासूबाईंनी चष्मा वर केला.

“म्हणजे पाऊस असेल तितके दिवस याचा उपासच की गं.”

“हो ना.”

“साबुदाण्याशिवाय?”

“पाण्यावर.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण निघताना त्यांनी ती कुंडी उचलली आणि तुळशीच्या आणखी जवळ सरकवली. तुळशीला घातलेलं नळाचं पाणी तेवढं उडणार नाही, इतपत.