रिप्लीचं वकीलपत्र घेतलेल्या गृहस्थांस

स. न. वि. वि.

आपली प्रकृती ठीक असेलच. गेल्या रविवारी बोलून बोलून बसलेला आपला घसा एव्हाना सुटला असेल, आणि नव्या दमानं आपण कुणाला तरी कॅरेक्टर आर्क समजावून देत असाल याबद्दल मला शंका नाही. त्या अनोळखी जिवाबद्दल सहानुभूती वाटून हे पत्र लिहिते आहे.

आपलं म्हणणं थोडक्यात असं होतं. (थोडक्यात मी सांगते आहे. आपल्याला त्यासाठी चहाच्या दोन फेऱ्या लागल्या होत्या.) १९७९च्या 'एलियन'मध्ये रिप्लीला मुळात कॅरेक्टरच नाही. शेवटपर्यंत मरत नाही, एवढंच तिचं कर्तृत्व. तिला खरं घडवलं ते जेम्स कॅमेरॉननं, १९८६च्या 'एलियन्स'मध्ये. आधी तिला एक वारलेली मुलगी दिली, मग न्यूट नावाची जिवंत पोर दिली, आणि आई झाल्यावर बाई एकदाची माणूस झाली. पुढे १९९२ साली 'एलियन ३' आला, त्यानं सुरुवातीलाच न्यूटला मारून टाकलं, आर्क मोडला. सबब तो सिनेमा निघालाच नाही असं समजून चालायचं. बरोबर ना? काही राहिलं असेल तर कळवू नका.

आता हे आपण कधी सांगितलंत ते आठवा. यजमानांनी हौसेनं प्रोजेक्टर लावला होता, भिंतीवर रिडली स्कॉटचा मूळ सिनेमा चालू होता. कॅप्टन डॅलस आणि लँबर्ट तोंडाला परग्रहावरचा आठ पायांचा प्राणी चिकटलेल्या केनला घेऊन यानाच्या दाराशी आले आहेत. आत रिप्ली आहे. कॅप्टन बाहेर, म्हणून अधिकार तिच्याकडे. बाहेरून मित्र ओरडताहेत, दार उघड, माणूस मरतोय. कॅप्टन हुकूम सोडतो. आणि ती नाही म्हणते. क्वारंटीनचा नियम चोवीस तासांचा आहे, मी दार उघडलं तर सगळेच मरू शकतो. आवाज चढवत नाही, पण तोंडावर दिसतं की तिला हे जड जातंय. शेवटी अ‍ॅश हा विज्ञान अधिकारी परस्पर दार उघडतो आणि पुढची सगळी प्रेतं त्या एका बटणापायी पडतात.

नेमक्या या प्रसंगाला आपण रिमोट उचललात, सिनेमा थांबवलात, आणि म्हणालात, "बघा, इथे तिला काही बॅकस्टोरीच नाहीये."

साहेब, तिला बॅकस्टोरी नाही, पण ती समोर उभी आहे! यानात सात माणसं आणि एक मांजर. सगळी आडनावानं हाक मारणारी, बोनसवरून भांडणारी, कामाला कंटाळलेली. त्यांतल्या कुणाची भूमिका बाईनं करायची आणि कुणाची पुरुषानं, हे पटकथेनं मुद्दाम मोकळं ठेवलं होतं. श्रेयनामावलीत पहिलं नाव टॉम स्केरिटचं, म्हणजे १९७९च्या प्रेक्षकानं डॅलसलाच नायक धरलं असणार. त्या सगळ्या घोळक्यातून एक जण हळूहळू वेगळी दिसायला लागते, कारण दबाव आल्यावर ती काय करते ते आपण बघतो. लोकप्रिय व्हायचं की बरोबर राहायचं, यात तिनं दुसरं निवडलं. याला कॅरेक्टर म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? मुलीच्या फोटोला?

तुमच्या लेखी बाईला स्वभाव यायला मूल लागतं, हे सरळ बोला ना. आर्कच्या आड कशाला लपता? जॉन कार्पेंटरच्या 'द थिंग'मधला मॅक्रेडी. त्याच्या घरी कोण असतं, लग्न झालंय की मोडलंय, आपल्याला काही सांगितलेलं नाही. बुद्धिबळात हरला म्हणून तो कॉम्प्युटरमध्ये ग्लासातली दारू ओततो, आणि तेवढ्यावर तुम्ही त्याच संध्याकाळी म्हणालात, "काय माणूस उभा केलाय!" त्याला मुलगी पाहिजे होती असं नाही वाटलं कधी? अंटार्क्टिकात त्याला एखादी पोर सापडली असती तर त्याचा आर्क पूर्ण झाला असता, हा मुद्दा कसा सुटला आपल्या नजरेतून?

मी 'एलियन्स'च्या विरोधात नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. सत्तावन्न वर्षं झोपून उठलेली रिप्ली चौकशी समितीपुढे बसते आणि तिच्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. परवाना काढून घेतात. मग ती गोदीत माल उचलणारं यंत्र चालवते, रात्री घामानं भिजून जागी होते. त्याच यंत्राच्या अंगात शिरून ती शेवटी त्या परग्रही प्राण्यांच्या राणीला भिडते, ते तिथे मजुरी केली म्हणूनच. यावर आपण एक अक्षर बोलला नाहीत. मुलगी, मुलगी, मुलगी. तर तो प्रसंग, ज्यात रिप्लीला कळतं की अमांडा सहासष्टाव्या वर्षी वारली, तो १९८६ साली थिएटरात दाखवलाच नव्हता. कापला होता. वाढीव आवृत्तीत तो नंतर परत आला. म्हणजे सिगर्नी वीव्हरला त्या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं ते तुमच्या या लाडक्या प्रसंगाशिवाय! राक्षसपटातल्या बाईला असा मान क्वचित मिळतो. मतदारांना तेव्हा आर्क कुठून दिसला असेल, याचा खुलासा व्हावा.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. राणी आणून कॅमेरॉननं गिगरनं रेखलेल्या मूळ प्राण्याची मुंगी केली, हे तुम्ही म्हणता ते मला अर्धं पटतं. 'प्रोमिथिअस'मधला जीवशास्त्रज्ञ परग्रहावर फणा काढलेल्या प्राण्याला लाडीगोडी लावायला जातो, त्यावर आपलं एकमत आहे. त्याच सिनेमाची नायिका एलिझाबेथ शॉ, तिला दोन सिनेमांच्या मधल्या फटीत मारलं, त्यावर मात्र आपण गप्प होतात. तिचा आर्क मोडला तर चालतो बहुतेक. तिला पोर नव्हती.

आता 'एलियन ३'. इथे मला जरा सावकाश लिहावं लागेल, कारण त्याबद्दल बोलताना आपला आवाज बदलला होता. लहानपणी केबलवर दुसरा भाग पाहिला, असं म्हणालात. रात्रभर भीती वाटली, पण शेवटी रिप्ली आणि न्यूट दोघी झोपतात म्हणून तुम्हालाही झोप लागली. पुढे कधीतरी तिसरा भाग लागला, आणि यान समुद्रात कोसळून ती पोर झोपेतच बुडून गेलेली. दुसऱ्या भागातून वाचलेला सैनिक हिक्स तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या फोटोपुरता उरला. हे सांगून आपण घाईघाईनं परत आर्कवर आलात.

आर्क कशाला? तुम्हाला ती पोर आवडली होती आणि कुणीतरी ती मारली. एवढंच बोलला असतात तर मी रिमोट तुमच्या हातात राहू दिला असता. खरंच वाईट होतं ते. आणि ज्यांनी केलं ते काही मोठ्या विचारानंही केलं नव्हतं. विल्यम गिब्सननं पटकथा लिहिली होती, तीत हिक्स मुख्य होता. ती गेली. व्हिन्सेंट वॉर्डनं लाकडी ग्रहावर मठ आणि साधू कल्पिले, तेही गेले. पटकथा धड पुरी नसताना चित्रीकरण सुरू झालं, आणि डेव्हिड फिंचर नावाच्या पोरसवदा दिग्दर्शकाच्या पदरी पहिलाच सिनेमा म्हणून हे बाड आलं. नंतर त्यानं सिनेमावर पाणी सोडलं. २००३ साली जास्त लांबीची आवृत्ती निघाली, तीतही तो नव्हता. इतक्या हातांनी ओढाताण केलेल्या कागदावर एका लहान मुलीचा जीव जातो आणि कुणालाच त्याचं फारसं काही वाटत नाही. चिडायचंय ना? त्या स्टुडिओवर चिडा, मी शेजारी उभी राहीन.

पण सिनेमा झालाच नाही म्हणू नका, साहेब. कारण त्यात एक प्रसंग आहे जो तुम्ही बहुधा कधी नीट पाहिला नाही. न्यूटचा देह टेबलावर आहे. रिप्ली डॉक्टरकडे विच्छेदन मागते. कारण विचारल्यावर पटकीचा संशय आहे असं ठोकून देते, तो खोटा आहे हे डॉक्टरलाही कळतं. तिला बघायचंय ते छातीत त्या प्राण्याचं पिल्लू वाढत होतं का. पोरीवर जीव होता आणि तिच्यावर संशयही आहे. रडू आवरून ती छाती उघडायला सांगते, कारण ती बरोबर असेल तर बाकीचे सगळे मरतील. आत काही सापडत नाही. फुप्फुसांत पाणी.

केनसाठी दार उघडत नव्हती, तीच ही बाई. तेरा वर्षांत तीन दिग्दर्शक बदलले आणि स्टुडिओनं तिचं वाटेल ते केलं, तरी तिचं हे एक सुटलं नाही. तिला तुमच्या न्यूटनं आई केलं असेल, कबूल. पण त्या टेबलापाशी तिला जे धैर्य लागलं ते तिच्याकडे आधीपासून होतं. तुम्ही रिमोट दाबलात तेव्हा ती तेच दाखवत होती.

पुढच्या रविवारी तिसरा भाग लावायचा असं मी यजमानांना सांगून ठेवलं आहे. तुम्ही या. न्यूटच्या वेळी बाहेर जाऊन उभं राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही, मीही पहिल्यांदा तेच केलं होतं.

कळावे. लोभ आहे तेवढाच असू द्यावा, त्याला आर्क नको.

आपली,
सिनेमा न थांबवता बघणारी